बेटाची राखण

साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही दोघं नवराबायको तापी नदीतल्या एका बेटावर राखणदार म्हणून जाऊन राहिलो. या कामाला पगार नव्हता. जंगल खात्याकडून मिळायचं ते एवढंच: राहायला दोन खोल्यांचं कौलारू घर, आठवड्याचं पीठ, डाळ, तेल आणि कंदिलापुरतं रॉकेल. आम्ही आमची उन्हाळ्याची सुटी द्यायची. मला यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. पण ज्याला ज्याला सांगितलं त्याच्या कपाळाला आठी पडलीच.

अमरावतीला राजापेठेत आम्ही भाड्यानं राहत होतो. हे एका हायस्कुलात विज्ञान शिकवत, मी मुलींच्या प्राथमिक शाळेत होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सहा-सात वर्षं झाली होती. यांचे वडील वलगावला दुसऱ्यांच्या शेतात राबून म्हातारे झाले, माझ्या वडलांनी अकोल्याला जिनात कापसाच्या गाठी ओढल्या. दोन्ही घरांत शिकून नोकरीला लागलेले आम्ही पहिलेच. त्यामुळे आम्ही काय करतो, कुठे जातो, यावर दोन्हीकडच्यांची बारीक नजर असे.

जंगल खात्यातल्या एका साहेबांची मुलगी यांच्याकडे शिकायला यायची. साहेबांना पक्ष्यांचं वेड होतं. मेळघाटाच्या उत्तर टोकाला, राखीव जंगलाच्या हद्दीत, तापीच्या पात्रात एक बेट आहे, तिथं वाळूवर दर उन्हाळ्यात पक्षी अंडी घालतात, आणि लोक ती उचलून नेतात, गवत पेटवतात, डोहात सुरुंग टाकून मासे मारतात, असं ते सांगत. जुना चौकीदार वारला होता आणि नवा मंजूर होत नव्हता.

"दोन महिने कोणी विश्वासाचं माणूस जाऊन राहिलं तरी पुरे आहे," साहेब एकदा म्हणाले.

विश्वासाचं माणूस हे शब्द ऐकले आणि यांनी तिथल्या तिथं हो म्हटलं. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा चेहरा असा होता, की नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही.

बातमी कळताच अकोल्याहून माझा थोरला भाऊ आला.

"किती देऊन राहिले?" त्यानं मला विचारलं.

"काही नाई, दादा."

"मंग काहून चालले?"

"पक्ष्यांची राखण कराले."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग यांच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "जावईबापू, शाळेत काही भानगड तं नाई झाली?"

हे मोठ्यानं हसले. भाऊ हसला नाही. जाताना मला दाराशी थांबवून त्यानं पुन्हा तेच विचारलं. वलगावला सासूबाईंनी वेगळाच अर्थ काढला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. त्या मला मागच्या दारी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "जंगलातल्या भगताले दाखवाले चालले असान तं सांग बाई. मी काही कोनाले बोलत नाई." मी कितीही नाही म्हटलं तरी त्यांनी समजून घेतल्यासारखी मान हलवली.

एप्रिलच्या मध्याला आम्ही निघालो. परतवाड्यापर्यंत मोटार, तिथून घाट चढून दुसरी मोटार, मग बैलगाडी. नदीकाठी कोरकूंची दहा-बारा घरांची वस्ती होती आणि वस्तीपासून हाकेच्या अंतरावर नाकेदाराची चौकी. जंगलाच्या पहाऱ्यावर असलेल्या शिपायाला तिकडे नाकेदार म्हणतात. खाकी चड्डी, गळ्यात शिट्टी, पान खाऊन लाल झालेले दात. त्यानं साहेबांची चिठ्ठी दोनदा वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली.

"मास्तर, तुमाले खात्यानं पाठवलं का साहेबानं?"

"साहेबांनी. आम्ही आपले सेवा म्हणून आलो," हे म्हणाले.

"सेवा," नाकेदार म्हणाला. मग आमचं गाव विचारलं, गावातला मोहल्ला विचारला, आडनाव विचारलं. त्याला काय हवं होतं ते त्याला मिळालं, हे त्याच्या तोंडावरून मला कळलं. असले प्रश्न मी लहानपणापासून ओळखते. त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा बेटावर यायचा, पण आमच्या माठातलं पाणी त्यानं कधी घेतलं नाही. दर वेळी म्हणायचा, "आत्ताच पिऊन आलो." आपल्या चोरीवर पहारा ठेवायला साहेबानं माणसं पाठवली, असं त्याच्या मनात होतं. कसली चोरी ते आम्हाला माहीत नव्हतं, पण त्याच्या त्या वागण्यामुळेच आम्ही त्याच्या खांद्यावरची पिशवी निरखू लागलो.

बेटावर नेणारा होता वस्तीतला एक म्हातारा कोरकू. अंगावर लंगोटी आणि खांद्यावर पंचा, अंग सुकलेल्या चिंचेच्या फांदीसारखं. एका मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेला त्याचा डोंगा होता. बेटाच्या एका अंगाला खोल डोह, तिथं डोंग्याशिवाय जाता येत नसे. दुसऱ्या अंगाला खडकांतून वाहणारी उथळ धार होती, पण ती लांबच्या वळणाची आणि शेवाळानं निसरडी. पहिल्या दिवशी आमचं सामान वर वाहून आणल्यावर त्यानं ओंजळ पुढे केली आणि म्हणाला, "बाई, पानी दे." मी तांब्या कलता केला. तो पोटभर प्यायला आणि निघून गेला.

आमचं काम सोपं होतं. सकाळ-संध्याकाळ बेटाला फेरी मारायची. घराभोवतीचं वाळलं गवत कापून आगीला अडवायला मोकळा पट्टा ठेवायचा. कोणी आलं तर कोण, कशाला, ते वहीत लिहायचं. आणि वाळूवरची अंडी मोजायची. करड्या पाठीचे, पिवळ्या चोचीचे, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे ते पक्षी होते. साहेब त्यांना सुरय म्हणत. त्यांना घरटं बांधायचं ठाऊकच नाही. वाळूत छातीनं थोडा खळगा करायचा आणि त्यात दोन-तीन ठिपक्यांची अंडी ठेवायची. आपण जवळ गेलो की डोक्यावर येऊन ओरडत आणि चोची मारायला झेपावत. मी डोक्यावर पदर घेऊन लांबून मोजायची.

पहिले दहा दिवस बरे गेले. मग अंडी कमी होऊ लागली. आज एका खळग्यातली दोन, परवा दुसऱ्यातलं एक. वाळूवर पक्ष्यांच्या पायांची इतकी गिचमीड असे, की दुसरा माग काही ओळखू येत नव्हता.

नाकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, "हे कोरकू लोक अंडी खातात, बाई. तुमी डोंगेवाल्यावर नजर ठेवा."

त्या दिवसापासून माझी नजर म्हाताऱ्यावर बसली. तो आमचं सामान घेऊन आठवड्यातून एकदा यायचा हे ठरलेलं. पण तो मधल्या दिवशीही येत होता. भर दुपारी, आम्ही जेवून आडवे झालो असताना. मी खिडकीतून पाहिलं. त्यानं डोंगा घराकडे न आणता खालच्या अंगाला, बेटाच्या शेपटाकडे नेला, आणि तासाभरानं परत गेला. दोन दिवसांनी पुन्हा तसंच.

मी यांना सांगितलं.

"अवं, जाऊ दे ना. मासे धरत असन," हे म्हणाले.

"मासे धराले डोह पडला आहे. लपून जाऊन राहिला तो."

"तू त्याच्या मागं पाळत ठेवून राहिली का आता?"

"तेच तं काम आहे आपलं," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी दोघांवर पाळत ठेवून होते. दुसरे म्हणजे हे. यांना आदल्या हिवाळ्यात मोठा खोकला झाला होता. डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला सांगितली आणि यांनी माझ्यासमोर पाकीट चुलीत टाकलं होतं. बेटावर आल्यापासून हे दुपारी एकटेच फिरायला जात. परत आले की नदीवर जाऊन चूळ भरत. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर हे खोटं बोलले असते, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी म्हाताऱ्याचा डोंगा शेपटाकडे वळलेला पाहिला आणि मी चप्पल न घालता निघाले. उन्हानं तळवे भाजत होते. करंजाच्या झाडांमागून पुढे गेले तर खाली पाण्याजवळ वाळूचा एक पट्टा होता, आमच्या फेरीतून न दिसणारा. तिथं बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि आत टरबुजांचे आठ-नऊ वेल. म्हातारा उकिडवा बसून एकेका वेलाच्या बुडाशी ओंजळीनं पाणी घालत होता. टरबुजांवर त्यानं पळसाची पानं झाकली होती.

मला पाहून तो उठला नाही. फक्त हात थांबले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"डांगरवाडी," तो म्हणाला.

"इथं लावायला बंदी आहे. माहीत आहे ना तुले?"

"माया बापानं लावली. त्याच्या बापानं लावली. आता साहेब म्हन्ते, नोको लावू." त्यानं एका टरबुजावरचं पान सारखं केलं. "थोडीशीच हाये, बाई. नातीले आवडते."

"अन अंडी?"

"कोनती अंडी?"

त्याला प्रश्न कळलाच नाही, असं त्याचं तोंड झालं. मला वाटलं, ढोंग करतो आहे. एक गोष्ट लपवणारा दुसरीही लपवतच असणार, असा माझा हिशेब होता. मी घरी आले आणि वहीत लिहिलं: डोंगेवाला बेटाच्या खालच्या टोकाला चोरून लागवड करतो, अंडीही तोच नेत असावा. ते वाचून हे म्हणाले, "शेवटचं काहून लिवलं? पाह्यलं का तू?" मी म्हटलं, "असावा असं लिहिलं आहे. नेतो असं नाही." शिक्षिका होते मी. शब्दांत कशी फट ठेवायची ते मला येत होतं.

दोन दिवसांनी नाकेदार आला. वही वाचायचा हक्क त्याला होता. त्यानं त्या ओळीखाली बोट फिरवलं आणि हसला. तासाभरात सगळे वेल उपटलेले होते. टरबुजं दगडावर फोडून त्यानं पाण्यात ढकलली, चांगली दोन पिशवीत घातली. डोंगा दोरानं ओढत चौकीखाली नेऊन साखळीनं बांधला. म्हातारा काठावर उभा राहून बघत होता. तो ओरडला नाही, पायाही पडला नाही. तेही मला संशयास्पद वाटलं. एवढं निमूट कसं राहतं माणूस?

आता आमचं सामान नाकेदार आणू लागला, तेही त्याला सवड होईल तेव्हा. दोन दिवस आम्ही नुसत्या डाळीवर काढले.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी वाळूच्या कडेला करंजाच्या सावलीत बसले होते. पक्ष्यांनी एकदम कल्लोळ केला. दगडांच्या कपारीतून हातभर लांब घोरपड बाहेर आली. पक्षी तिच्या पाठीवर चोची मारत होते आणि तिला त्याची पर्वा नव्हती. एका खळग्याशी गेली, जीभ आत-बाहेर केली, आणि अंडं तोंडात धरून मान वर केली. मग दुसरं. आली तशी कपारीत गेली. मी जागची हलले नाही.

हे सगळं मी यांना सांगितलं. वहीत मात्र त्या दिवशी लिहिलं नाही. उद्या लिहीन, नाकेदार आला की त्याला तोंडानं सांगीन, असं म्हणत तीन दिवस गेले. चूक कबूल करायला योग्य वेळ शोधत बसलं की ती वेळ येतच नाही, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी आग लागली.

दुपारचे तीन वाजले असतील. मी पीठ मळत होते. आधी वास आला, मग पक्षी ओरडत घरावरून गेले. बाहेर येऊन पाहते तो बेटाच्या मधल्या उंचवट्यावर, बांबूच्या झुडपापाशी, धुराचा लोट. वारा आमच्या घराच्या दिशेनं होता. हे त्या धुराच्या बाजूनंच पळत आले, अनवाणी, तोंड राखेनं माखलेलं.

"पाणी! बादल्या घे!" एवढंच म्हणाले.

दोन बादल्यांनी काय होणार? कमरेएवढं कुसळी गवत चरचरत पेटत होतं. आम्ही कापून ठेवलेला पट्टा आगीनं एका जागी ओलांडला आणि घराच्या मागची लाकडाची रास धरली. मी ओलं पोतं घेऊन झोडपत होते, धुरानं डोळे उघडत नव्हते. आणि तेवढ्यात उथळ धारेच्या बाजूनं माणसं येताना दिसली. म्हातारा सगळ्यांत पुढे होता. त्याच्यामागं त्याची बायको, सून, वस्तीतले पाच-सहा जण. प्रत्येकाच्या हातात हिरव्या पानांची फांदी. डोंगा नव्हता म्हणून ते लांबच्या वाटेनं, शेवाळावरून धडपडत आले होते. म्हाताऱ्याचा एक गुडघा फुटून रक्त वाहत होतं.

त्यांनी आम्हाला बाजूला केलं. ओळ धरून आगीला मागून झोडपत नेलं, पुढच्या बाजूला स्वतःच थोडं गवत जाळून तिची वाट तोडली. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं. दीड तासात आग विझली. निम्मं बेट काळं झालं होतं, पण घर वाचलं, आणि वाळूवर पिल्लं बाहेर पडायला लागली होती, तीही वाचली. म्हाताऱ्याची सून माझ्या हाताकडे बघून काही म्हणाली. माझ्या मनगटावर फोड आले होते. तिनं कसला तरी पाला चघळून त्यावर लावला. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नाकेदार आला. हातात कागद आणि दौत.

"आग कोनं लावली ते आता सांगाले नको," तो म्हणाला. "वेल उपटले, डोंगा नेला, तेचा राग. अन पाह्यना मास्तर, सगळ्यांत आधी कोन आला? ज्यानं लावली तोच आधी येते."

त्यानं आधीच लिहून आणलं होतं. डोंगेवाल्याला आगीच्या थोडं आधी बेटावर पाहिलं, असा यांचा जबाब. यांनी तो वाचला. मी चुलीपाशी उभी होते. यांचा हात कागदावर थांबला, इतका वेळ की नाकेदारानं मान वर केली. मग यांनी सही केली.

मी चहा टाकला. का टाकला ते मला सांगता येणार नाही. बहुधा हातांना काही काम हवं होतं. आणि नाकेदारानं त्या दिवशी आमच्याकडचा चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या घोटापर्यंत. "चहा झकास झाला, बाई," म्हणाला. ती बशी मी नंतर राखेनं तीनदा घासली.

तो गेल्यावर मी बांबूपाशी गेले. राखेत फार शोधावं लागलं नाही. खडकाच्या कडेला, यांची रोजची बसायची जागा असावी अशा ठिकाणी, काड्यापेटीचं अर्धवट जळालेलं टोपण पडलं होतं. ते आणून मी यांच्यासमोर ठेवलं.

"तुमी ओढून राहिले होते ना?"

यांनी टोपण उचलून पाहिलं आणि परत खाली ठेवलं.

"तुमच्या हातानं लागली ना आग?"

"वाऱ्यानं काडी उडाली," शेवटी म्हणाले. "मी पायानं विझवाले गेलो. विझली असं वाटलं."

"अन त्या म्हाताऱ्याच्या नावावर सही केली तुमी."

"मंग काय करू?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "सरकारी जंगल हाये. माह्यावर आली तं नोकरी जाईन. अन नुसती नोकरी जाऊन भागत नाई. लोक काय म्हनतीन माहीत हाये तुले? 'ह्या लोकांले विश्वासानं राखण दिली अन ह्यायनंच जाळलं.' साहेब पुढं कोनाले घेईन आपल्यातल्या?"

त्यांनी सांगितलेली भीती खोटी नव्हती. मीही त्याच भीतीत वाढले होते. एक चुकला की सगळे चुकले असं धरणाऱ्या गावात आम्ही दोघं शिकलो. पण मला सारखा तो ओंजळीनं पाणी पिणारा म्हातारा दिसत होता. आमच्या घरातलं पाणी त्यानं मागून घेतलं होतं, आणि महिन्याभरात ते मागणारा तो एकटाच होता.

"तो कोठी हाये आता?" मी विचारलं.

"रेंज ऑफिसात नेला म्हने."

"मी चालली. तुमी आले तं बरं, नाई तं मी एकटीच."

आम्ही उथळ धारेतून, एकमेकांचा हात धरून, त्या शेवाळावरून पलीकडे गेलो. मी दोनदा पडले. तिथून रेंज ऑफिस होतं त्या बाजाराच्या गावाला पायी चार तास. हे खरंच बोलतील, की तिथं जाऊन मला गप्प बसवतील, याचा मला शेवटपर्यंत भरवसा नव्हता.

रेंज ऑफिसच्या अंगणात कडुनिंबाखाली म्हातारा बसला होता. त्याला मारलं नव्हतं, बांधलंही नव्हतं. नुसतं बसवून ठेवलं होतं, आदल्या रात्रीपासून. आम्हाला पाहून त्यानं तोंड फिरवलं.

रेंजर साहेब तरुण होते. यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. सिगारेट, काडी, वारा, सही. एकदाही अडखळले नाहीत. मी अंडी आणि घोरपड सांगितली. साहेब ऐकून घेत होते आणि मधूनमधून खिडकीतून म्हाताऱ्याकडे पाहत होते.

"वस्तीतल्या लोकांनी दम दिला का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग जबाब का बदलता? मास्तर, घाबरू नका. हे लोक असेच करतात. आम्ही आहोत ना."

खरं बोललो तर तेही त्यांना संशयाचं वाटत होतं. स्वतःहून दोष अंगावर घेणारा माणूस त्यांनी बहुधा पाहिला नव्हता. मी कमरेला खोचलेलं काड्यापेटीचं टोपण टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते उलटंसुलटं केलं. यांनी खिशातून उरलेल्या सिगारेटी काढून त्याशेजारी ठेवल्या. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बदलला. आमच्याबद्दल जे वाटत होतं ते गेलं आणि दुसरं आलं, तेही काही चांगलं नव्हतं.

"अमरावतीच्या साहेबांना मला कळवावं लागेल," ते म्हणाले.

"कळवा," हे म्हणाले.

म्हाताऱ्याला त्याच संध्याकाळी सोडलं. आगीच्या कागदावर कारण अज्ञात असं लिहिलं गेलं, हे आम्हाला मागाहून समजलं. अमरावतीच्या साहेबांनी शाळेत काही कळवलं नाही, पण त्यांची मुलगी पुढच्या जूनपासून यांच्याकडे शिकायला आली नाही. त्यांचा एक निरोप आला. उरलेले दिवस पुरे करा, पक्ष्यांची पिल्लं उडेपर्यंत कोणीतरी पाहिजे, एवढाच. आम्ही ते तीन आठवडे पुरे केले. मी वहीत घोरपडीचं लिहिलं, म्हाताऱ्याबद्दलची ओळ खोडली आणि खाली सही केली. नाकेदारानं पुन्हा आमच्याकडे चहा घेतला नाही, आणि मी विचारलंही नाही.

जूनच्या सुरुवातीला आम्ही निघालो. डोंगा म्हाताऱ्याला परत मिळाला होता. उन्हात पडून त्याला एका बाजूनं भेग गेली होती, ती त्यानं राळेनं भरली होती. ठरल्या सकाळी तो आला. सामान चढवलं, मला मधे बसवलं, आणि वल्ह्याची लांब काठी यांच्या हातात दिली.

"आज तू चालव, मास्तर."

हे गोंधळून उभे राहिले. काठी पाण्यात घातली तर डोंगा जागच्या जागी फिरला. पुन्हा घातली तर उलटा फिरला. डोह खोल होता, मगरी असतात असं सगळे सांगत. मी दोन्ही कडा घट्ट धरल्या. म्हातारा समोर पाय पसरून बसला होता आणि यांच्याकडे शांतपणे पाहत होता. डोंगा धारेला लागून खाली वाहायला लागला तरी तो हलला नाही. यांच्या कपाळावरून घाम टपकत होता. आम्हाला बुडवायचा विचार आहे की काय, असं एक क्षण माझ्या मनात आलं. मग तो उठला, काठी काढून घेतली आणि चार फटकाऱ्यांत डोंगा काठाला लावला.

सामान उतरवून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "त्या बुकात काय लिवलं होतं, बाई?"

मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. 'नेत असावा' हेही सांगितलं. आणि नंतर ते खोडलं, हेही.

"खोडलं तं दिसत असन ना खालून?" तो म्हणाला.

"दिसते," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. रागानं की पटून, ते मला समजलं नाही. "पुढच्या साली नोका येऊ," एवढं बोलून त्यानं डोंगा पाण्यात ढकलला. आम्ही पुन्हा गेलो नाही.

मोटार सुटायला वेळ होता. आम्ही पिंपळाच्या पारावर ट्रंकेला टेकून बसलो. दोघांचेही हात उन्हानं काळे पडले होते. मनातली गोष्ट मी तिथं विचारली.

"मी नसती निघाली तं तुमी गेले असते का रेंज ऑफिसात?"

यांनी ट्रंकेची कडी दोनदा लावून पाहिली. हो म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. नाही म्हटलं असतं तरी बसला नसता.

"माहीत नाई मले," ते म्हणाले.

त्या दोन महिन्यांत मी ऐकलेल्या सगळ्या उत्तरांपैकी एवढं एकच मी जसं आलं तसं ठेवून घेतलं. मग मोटार आली आणि आम्ही ट्रंक टपावर चढवली.